आमच्या ओकाचा दुखवटा

आदरणीय व्हर्नाताईस, धाकट्या ऑर्लिनचा अंगणातूनच नमस्कार (घरात बसायची सोय उरलेली नाही, ते पुढं येईलच). क्लीव्हलँडच्या थंडीत तुझे गुडघे फार कुरकुरत नसतील आणि भावजींचा खोकला बसला असेल अशी आशा आहे. इकडे मी, कोंबड्या आणि दोन्ही शेळ्या सुखरूप आहोत. स्वयंपाकघर मात्र गेलं.

ओक पडला, ताई. मंगळवारी दुपारी वादळ आलं, मी कोंबड्यांना आत घेत होतो, आणि ट्रेडवे काउंटीचं पहिलं कोर्ट ज्याच्या सावलीत भरलं ते झाड कुणाचीही परवानगी न घेता स्वयंपाकघरावर आडवं झालं. (ते तोडायची परवानगी मी किती वर्षं मागत होतो, हे तुला माहीतच आहे. मुळांनी ओसरी अशी उचलली होती, की टेबलावर ठेवलेला कॉफीचा कप आपणहून घसरत माझ्या मांडीवर यायचा. पण इतिहास मंडळाच्या मिस थिओडोरा पर्विस एका फांदीला हात लावू देतील तर शपथ. वर चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाला येणारे पाहुणे फोटो झाडाचा काढणार आणि संडास माझा वापरणार.) शेजारी खांबावर लावलेली पहिल्या न्यायाधीशांच्या नावाची पितळी पाटी तेवढी जागची हलली नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला मनातून बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची लोरेटा गॅन्ट काळा पोशाख घालून, हॅमचं भलंमोठं ताट घेऊन दारात हजर. आपल्याकडे असं ताट मयताच्याच घरी जातं, हे तुला सांगायला नको. मला वाटलं, गावात भलतीच बातमी पसरली. मी घाईघाईनं सांगितलं, की मी जिवंत आहे.

"ते दिसतंय मला," ती म्हणाली. "बाजूला हो, ताट जड आहे."

मग रांगच लागली. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग, आणि भरलेली अंडी तर इतकी, की आई गेली तेव्हाही आली नव्हती. सगळं झाडासाठी! माणसं ताट ठेवायची, टोपी काढायची आणि सालीवर हात ठेवून गप्प उभी राहायची. कुंपणाच्या भांडणावरून माझ्याशी बोलणं टाकलेल्या हार्लन डॉब्सनंसुद्धा माझं सांत्वन केलं, आणि मीही त्याचे आभार मानले. अशा वेळी दुसरं काय करणार? हसावं म्हटलं तर तोंडातून हसूच फुटेना.

रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्रीबुवा सगळ्यांना अंगणात घेऊन आले. मिस थिओडोरांनी न्यायाधीशांचं चरित्र जन्मापासून सुरू केलं. ते संपल्यावर आपल्याला शाळेत जेवण वाढायच्या त्या मिस आर्झेलिया बून काठी टेकत उठल्या आणि बुंध्यापाशी गेल्या.

"माझ्या पणजीला इथंच विकलं," त्या म्हणाल्या. "कोर्ट उठलं, की इथंच लिलाव व्हायचा. गुलामी संपल्यावर ती चालत परत आली आणि लग्न याच झाडाखाली लावून घेतलं. लोक म्हणाले, तुला दुसरं झाड मिळालं नाही? ती म्हणाली, ह्यानं मला रडताना बघितलंय, आता हसतानाही बघू दे."

मिस थिओडोरा हळूच म्हणाल्या, "पाटीवर हे नाही."

"मला कुणी विचारलंच नाही, बाई."

ताई, आपण दोघं त्या फांद्यांवर झोके घेत वाढलो आणि आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. ज्या झाडाला मी निव्वळ अडगळ समजत होतो, त्यानं एवढं पाहून मुकाट्यानं सावली दिली. मीसुद्धा टोपी काढली. भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
ऑर्लिन

ता.क. नव्या पाटीचा मजकूर मिस आर्झेलिया सांगणार आहेत. झाड तोडण्याचे माझे अर्ज तूच टाइप करून द्यायचीस. कुणी विचारलंच, तर तू मला ओळखत नाहीस.

आणखी एक ता.क. खरं काम राहिलंच. ओसरीच्या पायरीला अगदी खेटून त्याच ओकाचं रोप वर आलंय, बोटभर. शेळ्या मोकळ्या असल्या, की मी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतो, पण असं किती दिवस बसणार? भावजींकडे कुत्र्याच्या पिंजऱ्याची जुनी जाळी पडून आहे, ती लगेच पाठव. ओसरीची काळजी करू नकोस. हे रोप मोठं होऊन ती उचलेपर्यंत कॉफीचा कप सांभाळायला दुसरं कुणीतरी असेल.