क्रेन साडेदहाला थांबते

दि. ३ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
आईबाबांचे तुझ्या उंचीला पुरतील इतके आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. तुझ्या आईने मोठ्याने वाचून दाखवलं, मला अर्धंच ऐकू आलं, मग चष्मा लावून स्वतः दोनदा वाचलं. फोनवर तू काय बोलतेस ते या कानांना कळत नाही, आणि आई मध्ये बसून सांगते त्यात निम्मं तिच्या पदरचं असतं. तेव्हा आपली पत्रंच बरी.

बांधकामावरची दोन नंबरची क्रेन तुझ्या एकटीच्या हाती दिली, हे वाचून मी घरात बसूच शकलो नाही. केस वाढले नव्हते तरी कापायला गेलो. तिथे चारचौघं होती, त्यांना सांगितलं की माझी लेक रोज दोनशे बारा पायऱ्या चढते. सकाळी सातला चढली की थेट पाचला उतरते, डबासुद्धा वरच खाते. कात्री धरलेला हात तसाच थांबला. मी म्हणालो, आमच्या घरात कामावरून मध्येच उठायची रीत नाही. मी एकतीस वर्षं यंत्रमागावर उभा राहिलो, मुकादमापुढे कधी रडगाणं गायलं नाही. लेक बापावर गेलीय.

आई म्हणते, जरा कमी मिरवा, दृष्ट लागेल. तिचं तिच्यापाशी. थंडीचं कानाला बांधत जा.

तुझे,
गावभर सांगत फिरणारे बाबा

दि. १६ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना आणि आईला,
खारूताईचा वरून, म्हणजे खरोखरच वरून, नमस्कार.

तुमचं पत्र खिशात घालून वर नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचलं. हसू आवरेना. केशकर्तनवाल्यांना म्हणावं, आता महिनाभर तरी तुम्हाला खुर्चीवर बसवून घेऊ नका.

काम छान चाललंय. इमारत अकराव्या मजल्याला आली. खाली उभा असलेला सिग्नलवाला वॉकीटॉकीवर सांगतो आणि मी सळयांची मोळी बोटभर इकडेतिकडे न होता टेकवते. एक नंबरच्या क्रेनवर बसतात त्यांना सगळे मास्तर म्हणतात. बावीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांनी परवा दुरून हात वर केला. ते कोणाला असा हात करत नाहीत म्हणे. माझ्यामागे आणखी दोन मुली क्रेन शिकायला लागल्यात, त्या मला ताई म्हणतात आणि माझ्याकडे टकामका बघत असतात.

आईला एक विचारायचं होतं. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचं पोट चार-चार दिवस साफ होत नाही. पोट दगडासारखं लागतं, भूक मेलीय, चिडचिड होते. आईकडे काही उपाय असेल तर कळवा. मैत्रीण लाजरी आहे, म्हणून मी विचारतेय.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची खारूताई

दि. २५ फेब्रुवारी

चि. खारूताईस, आशीर्वाद.

आई शेजारी बसून सांगतेय, मी लिहितोय. इसबगोलाचं पाकीट पाठवलंय. रोज एक चमचा, मोठ्या पेल्यात भरपूर पाण्यातून. पाणी भरपूर, असं तिने तीनदा सांगितलं, म्हणून मीही खाली रेघ मारतोय. शिवाय केळी, पेरू, हिरव्या भाज्या. आई विचारते, ही मैत्रीण कधीपासून आली खोलीत? त्याआधीच्या पत्रात तर तू एकटीच राहत होतीस. मी म्हणालो, आली असेल.

काल पोस्टात रांगेत होतो, तिथल्या बाईंनाही तुझं सांगितलं. दहा तास वर, असं म्हणताच त्यांनी पेन खाली ठेवलं.

तुझे बाबा

दि. १४ मार्च

तीर्थरूप बाबा आणि आई,
नमस्कार करते, आणि आधीच सांगते, मी बरी आहे. काळजी करायची ती वाचून झाल्यावर करा.

मैत्रीण वगैरे कोणी नाही. आईला कळलंच होतं.

मंगळवारी दुपारी सळयांची मोळी हवेत होती आणि पोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. खाली माणसं होती. बाबा, मी लिव्हर सोडला नाही. मोळी नेऊन जागेवर टेकवली, सिग्नलवाल्याने आकडा सोडवला, मग क्रेन बंद केली आणि वॉकीटॉकीवर सांगितलं की मला उतरायचंय. दोनशे बारा पायऱ्या एकेक मोजत उतरले. वॉकीटॉकीवर ऐकून मास्तर आपल्या क्रेनवरून आधीच खाली आले होते, त्यांनीच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसभरात पाणी किती? मी म्हणाले, दोन पेले, तेही घरी आल्यावर. त्यांनी आधी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. पाणी प्यायलं की उतरावं लागतं, उतरायला-चढायला चाळीस मिनिटं जातात, म्हणून मी सकाळपासून घोटही घेत नव्हते. त्यांनी समजावलं की शरीराला पाणी कमी पडलं की आतडं मळातलंच पाणी ओढून घेतं, मागे खडा उरतो. त्यात मी शहाणी, आईचं इसबगोल एका घोटावर गिळत होते. ते पाण्याशिवाय पुढे सरकत नाही, तिथेच ठाण मांडतं. कोरडं सिमेंट ओतून भिंतीची वाट बघावी, तसं माझं चाललं होतं. औषधाने आता मोकळं वाटतंय. पण त्यांनी बजावलंय की दिवसभर थोडं थोडं पाणी आणि लागलं की जायचं, दाबून ठेवायचं नाही. नाहीतर पुन्हा तेच.

आता मी काय करू? दिवसातून दोनदा उतरते म्हटलं तर साहेब म्हणतील, बाईला बसवलं की हे असंच होणार. क्रेन काढून घेतील. माझ्यामागच्या दोघींना तर शिडीलाही हात लावू देणार नाहीत. आणि तुम्ही गावभर सांगितलंय की मी मध्ये उतरत नाही. तुमची मान खाली जाईल, म्हणून तर मैत्रीण जन्माला घातली.

रागावू नका. सोमवारपासून कामावर जाईन.
तुमची खारूताई

दि. १९ मार्च

चि. खारूताईस,
या वेळी आशीर्वाद नंतर, आधी बापाची माफी.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. आईने माझं ताट झाकून ठेवलं आणि ती पाठ करून झोपली, म्हणजे समज किती रागावली असेल.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. यंत्रमागावर लागलो तेव्हा मुकादम कानात घालायला बोळे द्यायचा. मी घेतले नाहीत. म्हणायचो, आपल्याला नाही लागत. बाकीचे बघायचे आणि मला बरं वाटायचं. तिसऱ्या वर्षी कानात शिट्ट्या वाजायला लागल्या तरी घेतले नाहीत, कारण मग लोक काय म्हणतील. सगळ्यांना वाटतं माझे कान कामाने गेले. कामाने नाही गेले, बाळ, मिरवण्याने गेले. तू मॅट्रिकला पहिली आलीस तेव्हा शाळेच्या सभागृहात तुझं नाव पुकारलं, तेही मला टाळ्या बघून कळलं.

आणि तोच माज मी पाकिटात घालून तुला पोस्टाने पाठवत होतो.

माझ्या मानेची काळजी तू करायची नाही. पण रडत, गयावया करत जाऊ नकोस. तू त्या साइटचा कोपरा न् कोपरा वरून बघतेस, तो साहेबांनाही दिसत नाही. काहीतरी वाट शोध आणि मग जा. क्रेन सोडू नकोस आणि पाणीही सोडू नकोस. मोळी हवेत असताना तू लिव्हर सोडला नाहीस, साहेबांपुढे बोलणं काय कठीण आहे.

तुझा बाप

दि. ६ एप्रिल

तीर्थरूप बाबा आणि आई,
पोटभर पाणी प्यायलेल्या लेकीचा नमस्कार.

वाट सापडली. क्रेनचा खांब इमारतीला बांधून ठेवलाय तिथून अकराव्या मजल्यावर जायला छोटा लोखंडी पूल आहे. माझ्या केबिनपासून तो जेमतेम चाळीस पायऱ्या खाली. सकाळच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर साहेबांना म्हणाले, संडास तळमजल्यालाच हवा असं कुठे लिहिलंय, अकराव्या मजल्यावर ठेवा. साडेदहाला आणि दोनला काँक्रीटची गाडी बदलते तेव्हा क्रेन तशीही रिकामी असते. माझं दहा मिनिटांत होईल.

साहेब म्हणाले, आजवर कोणी मागितलं नाही. बाईला बसवलं की, एवढं त्यांच्या तोंडातून आलंही होतं. तेवढ्यात मास्तर उठले. तेवीस माणसांसमोर ते म्हणाले की बावीस वर्षं मीही वर पाणी पीत नाही आणि मूळव्याधीची दोन ऑपरेशनं झालीत. बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. ही पोर माझ्या तोंडचं बोलली. मग सिग्नलवाला उठला, मग वरच्या मजल्यावरचे दोन गवंडी. सगळ्यांचंच पोट बिघडलेलं निघालं, बाबा. साहेब शेवटी म्हणाले, ठीक आहे, पण जिन्याने तो वर नेणार कोण?

मी म्हणाले, मी नेते की.

सोमवारी सकाळी निळा फायबरचा संडास माझ्या आकड्याला लागला. सिग्नलवाला वॉकीटॉकीवर इतका हसत होता की त्याचं अर्धं कळत नव्हतं. खाली सगळी साइट माना वर करून उभी. मी हळूहळू वर घेतला, अकराव्या मजल्याला नेला आणि खुणेवर टेकवला. असा जपून मी काचेचा मालही कधी उचलला नव्हता. टाळ्या वाजल्या. मागच्या दोघींपैकी एकीने विचारलं, ताई, आम्हीही पाण्याची बाटली वर न्यायची ना? मी म्हणाले, ती विसरलात तर शिडीला हात लावायचा नाही.

केबिनमध्ये दोन लिटरची बाटली असते. इसबगोल मोठ्या पेल्यातून. पोट घड्याळासारखं चालतंय, आईला खास कळवा.

कळावे. लोभ भरपूर, पाणीही भरपूर.
तुमची खारूताई

दि. २१ एप्रिल

चि. खारूताईस,
आज आशीर्वाद मोजून नाही, ओंजळीने.

तुला न सांगता मी काल तुझ्या शहरात येऊन गेलो. कानाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली होती. यंत्र पुढच्या महिन्यात मिळेल. तपासणी लवकर संपली, मग विचारत विचारत तुझ्या साइटवर गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, बरोबरच केलं. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो.

क्रेन फिरत होती. एवढं मोठं लोखंड आणि आत तू. माझ्या शेजारी एक गृहस्थ सावलीत उभे होते, त्यांना सांगावंसं वाटलं, पण गप्प राहिलो. बरोबर साडेदहाला क्रेन थांबली. ते गृहस्थ वर बघून म्हणाले असावेत की बंद पडली वाटतं. केबिनचं दार उघडलं, एक नारिंगी हेल्मेट शिडीने उतरलं आणि त्या पुलावरून सावकाश, अजिबात घाई न करता, इमारतीत गेलं.

मग मात्र मला राहवलं नाही. मी त्यांना मोठ्याने सांगितलं, बंद नाही पडली हो, माझ्या मुलीने थांबवलीय.

तुझे,
बाबा