सेंट लुशियातलं घर

अझैबा, मस्कत, शुक्रवार संध्याकाळ

दुपारी जेवताना मिलिंद, मीठ मागावं तसा, म्हणाला, "अगं, सेंट लुशियात सुट्टीसाठी घर घेतलं. सह्याही झाल्या."

कॅरिबियनमधलं बेट! सख्ख्या नवऱ्यानं मला विचारलंसुद्धा नाही?

"आणि रिटायर झाल्यावर चिपळूणला जायचं ठरलेलं?"

"तिथला समुद्र बघ तरी. निळाशार आहे."

निळाशार! मस्कतला काय समुद्र कमी आहे?

मी साक्षीकडे पाहिलं. लेकीलाही धक्का बसला असेल, असं वाटलं. ती अडखळत म्हणाली, "आई, मला माहीत होतं. माझी रूम मीच सिलेक्ट केली."

निळाशार म्हणे!

मी ताटावरून उठले. चिपळूणला आईला फोन लावला आणि सांगितलं, "या सुट्टीत मी एकटीच येतेय."