हिरव्या रेघेवरचा दांडा

प्रिय नणंदबाई,

एरवी मी तुला छोटी म्हणते. आज नणंदबाई म्हणतेय, यावरून काय ते समज. तुम्ही दोघं भावंडं माझ्या पाठीमागे माझ्याच घराचं काहीतरी ठरवताय, असा मला दाट संशय आहे.

तुझ्या दादानं लेझर लेव्हल आणली तिथून हे सुरू झालं. डब्याएवढं यंत्र. स्टुलावर ठेवून बटण दाबलं की भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी रेघ उमटते. ओळंबा नको, पाणसळ नको. ज्या माणसानं लग्नापासून एकच खिळा ठोकला, तोही अंगठ्यावर, तो रविवारी सकाळी हिरवा चष्मा लावून भिंतीसमोर उभा! मी चहा पीत बसले होते, रेघ माझ्या कपाळावरून गेलेली, आणि हा मलाच म्हणतो, "जरा सरक गं, लाइन तुटतेय." आधी फोटो सरळ झाले, मग पडद्यांचे रॉड, मग स्वयंपाकघरातली फळी. फळी लेव्हलला आली आणि छत वाकडं असल्याचं उघडकीला आलं. आता भाजी परतताना माझी नजर तिथेच जाते. सुखानं नांदत होते गं मी त्या छताखाली.

घर एवढं कुणी कधी सजवतं? गिऱ्हाईक यायचं असतं तेव्हा. शिवाय या घरावर तुझंही नाव आहे. तेव्हा मी मनाशी म्हटलं, बाई, तुझं बस्तान उठलं. त्यात हा फोन आला की गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो. कुणाचा म्हणून विचारलं तर "ऑफिसचा." परवा काच पुसायच्या निमित्तानं दाराशी उभी राहिले, तर हा म्हणत होता, "अगं, रडू नकोस, मी बघतो काहीतरी." ऑफिसातल्या बाईशी हा असं बोलत असता तर मी वेगळाच संशय घेतला असता. पण तेवढा उरक त्याच्या अंगात नाही, हे तुला मी सांगायला नको. म्हणून सुई तुझ्यावर आली.

घर विकणारा माणूस अडगळीची खोली आधी रिकामी करील, हे मला पटलं. पण तिथे खाट टाकील? त्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये एक पायरी उतरावी लागायची, आठवतं ना? ती पायरी त्यानं सिमेंट घालून बुजवली आणि तिथे उतार केला. मग भिंतीवर हिरवी रेघ पाडली आणि तिच्यावर लांबच लांब लाकडी दांडा बसवला. "हे कशाला?" म्हटलं, तर म्हणे, "टॉवेल वाळत घालायला." पॅसेजमध्ये! जिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो तिथे! कमोडशेजारीही एक छोटा दांडा आला. तिथे काय, हातरुमाल वाळणार?

मग डोक्यात प्रकाश पडला. तू का रडत होतीस, तेही कळलं. तुझ्याकडे आई पडल्या ना? एकदा नाही, पुन्हापुन्हा पडत असणार. आणि तुझी नोकरी, तुझा तिसरा मजला, रात्रीची जागरणं, हे आता तुझ्यानं रेटत नाहीये. आई इकडे येणार हे तुम्ही दोघांनी ठरवलंत आणि मला विचारायची तुमची हिंमत झाली नाही. आईंचं आणि माझं मिठाच्या प्रमाणापासून सगळ्यावर वाजतं, हे जगाला ठाऊक आहे. पण मी नाही म्हणेन, हे परस्पर ठरवून टाकणारी तुम्ही कोण? मला सर्वांत जास्त लागलं ते हेच. घर विकलं असतंत तरी इतकं लागलं नसतं.

काल तो कामावर गेल्यावर मी दांड्यावर हात ठेवून, डोळे मिटून, खोलीपासून बाथरूमपर्यंत चालले. सुरुवातीला हात कमरेशी होता. उतार संपला तेव्हा दांडा माझ्या छातीशी आलेला, म्हणजे आईंच्या जवळजवळ हनुवटीशी. जमीन खाली गेली आणि तुझ्या शहाण्या दादाचा दांडा मात्र लेव्हल सोडायला तयार नाही! यंत्र सरळ दाखवतं म्हणून यानं सरळ बसवला. म्हातारं माणूस ओल्या पायांनी नेमकं जिथे आधार शोधणार, तिथेच तो हाताबाहेर. मी सुताराला बोलावून तो उतरवलाय. आता उताराबरोबर उतरता बसवायचाय. दादानं संध्याकाळी पाहिलं, आता उतरता बसणार हे ऐकलं आणि कासावीस झाला. "वाकडा दिसेल गं," म्हणाला. दिसू दे म्हटलं. कशासाठी उतरवला ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. राहू दे त्यालाही थोडं संशयात.

पत्र लिहायचं कारण एवढंच. सुतार शनिवारी येतोय आणि माझं माप घेऊन चालणार नाही. आईंना घरातल्या चपला घालून भिंतीशी उभं कर, हात सरळ खाली सोडायला सांग आणि जमिनीपासून मनगटापर्यंतचं माप मला लगेच कळव. कशाला म्हणून विचारतीलच. वहिनीनं मागितलंय म्हणून सांग. विश्वास बसणार नाही त्यांचा; तरी सांग.

तुझीच,
वहिनी