खुंट्यावरची जागा

सोलापूर, भोगी, १९३२

सुटून आल्यावरचा पहिला सण. सकाळी बाजरी दळायला आईसमोर जात्यावर बसलो, तर बायको तोंडाला पदर लावून हसत सुटली. आई म्हणाली, “तुरुंगात ह्येच शिकवलं व्हय रं?”

व्हय! तिथं कोठडीत एकटाच दळायचो. हातांना फोड, डोळ्यांत पाणी. मग एक दिवस जात्याचा खुंटा खाली धरला आणि वरची जागा आईच्या हातासाठी मोकळी सोडली. वेडेपणा होता का? असेल. पण तेव्हापासून दळण शिक्षा वाटेना, घरचं काम वाटू लागलं.

आजही सवयीनं खुंटा खालीच धरला. आईनं वरच्या जागेवर हात ठेवला आणि ओवी सुरू केली.

ओवी ऐकायच्या नादात पीठ जाडंभरडं पडलं. पडू दे!