दहा मोजा

सोमवार, ७ एप्रिल

शिरवळला आलो. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, पण आतली फरशी अशी की तोंड दिसावं. मालक जयराज आमच्या कोरेगावकडचेच. मला टेबल मिळालं, वर पंखा आणि फिरती खुर्ची. सैन्यात बावीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्या, शाळा सहावीपर्यंत, तरी शेवटी फिरती खुर्ची मिळालीच. सुनेला, राजेश्वरीला, फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आबा, लय फिरू नका, चक्कर येईल. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पिशवीत सापडेना, तासभर जीव खालीवर. टोपीत निघाली.

मंगळवार, ८ एप्रिल

काम कळलं. विहिरीवरच्या मोटारीला लावायचा तळहाताएवढा बोर्ड आहे. मोबाइलवरून मोटार चालू-बंद. बोर्डाला वीज मिळाली की आधी एक छोटा प्रोग्रॅम उठतो, त्याला हे बूटलोडर म्हणतात. त्यानं नेटवर्कच्या केबलमधून मोठा प्रोग्रॅम आणायचा. जुना बूटलोडर आणायचा, नवा आणत नाही. केबलशी बोलणारा भाग, ड्रायव्हर, मधल्या चौसष्ट बदलांपैकी कुठल्यातरी एकानं मोडला. शिकलेल्या माणसांनी चांगलं चालणारं सुधारलं, की हे असं होतं.

इंजिनिअर क्रांती नावाची मुलगी आहे. तिनं मला मोठ्या थाटात समजावलं, की मधला बदल घ्यायचा. चालला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाहीतर मागच्या. मी म्हटलं, बाई, बारा मैलांच्या तारेतला तुटका जोड आम्ही बर्फात असाच अर्ध्यावर अर्धा करून शोधायचो, आणि आमच्याकडं लॅपटॉप नव्हता. ती हसली. हसायचं काय त्यात.

बुधवार, ९ एप्रिल

दर वेळी पुढच्या बदलाचा बूटलोडर भरलेलं नवं कार्ड घालायचं, विजेची तार काढायची, परत लावायची आणि प्रोग्रॅम आला का ते वहीत लिहायचं, ‘आला’ किंवा ‘नाही आला’. नेटवर्कची वाट बघताना बोर्ड लॅपटॉपवर सेकंदाला एक टिंब टाकतो. दहा टिंबं झाली की नाद सोडतो आणि मोटारीला शेवटचा मिळालेला हुकूम बजावतो.

टेबलावर एक कागद चिकटवलेला आहे, आधीच्या माणसाच्या हातचा, धुळा म्हणून कुणी होता. ‘तार काढा. दहा मोजा. मग लावा.’ अक्षर कोंबडीच्या पायाचं. वीज गेली म्हणजे गेली. मेलेल्या माणसाची नाडी दहा वेळा बघतात का? मी दोन मोजतो आणि लावतो. शंभर वेळा करायचं आहे, म्हाताऱ्याच्या कमरेचा विचार कोण करणार.

शुक्रवार, ११ एप्रिल

दोष सापडला. एकेचाळिसावा बदल. क्रांतीनं तो मागं घेतला. दुरुस्त बोर्ड मी वीसदा लावला आणि वीसदा ‘आला’ लिहिलं. जयराजनी कंदी पेढे वाटले. म्हणाले, कृष्णातआबा, तुमी आमचं नाक राखलं. राखलंच. चौदा बोर्ड विहिरींवर निघाले. त्यातला एक मी आमच्या विहिरीसाठी मागून घेतला. शिवतेजनं, माझ्या मुलानं, उद्याच बसवतो म्हटलं.

मंगळवार, १५ एप्रिल

सुट्टीनंतर नवे बोर्ड तपासत होतो. तार काढली. एक, दोन. तेवढ्यात शिंक आली म्हणून तार हातातच राहिली. पडद्यावर टिंबं आली. आठ.

बोर्डाला वीज नव्हती. तार माझ्या हातात होती.

लॅपटॉप जुना आहे. भंगारातलं सामान घेऊन कारखाने काढतात.

बुधवार, १६ एप्रिल

आज सहाही वेळा आठच. मी दोनवर थांबतो, पुढचं ते मोजतं.

क्रांतीला सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, दहाच का मोजायचे. ती म्हणाली, आबा, तार काढली तरी चिपच्या पोटात थोडी वीज उरते. घाई केली तर आधीच्या चांगल्या बूटलोडरची सगळी मांडणी तिच्यात तशीच राहते आणि मोडका बूटलोडरसुद्धा चांगला दिसतो. मग म्हणाली, तुमी मोजता न्हवं? मी म्हटलं, मला शिकवू नको.

धुळा कुठं गेला, तेही विचारलं. स्क्रू गोळा करता करता तिनं सांगितलं. माधवनगरकडं एका विहिरीत उतरला होता, पाइपच्या तळाचा फूटवाल्व साफ करायला. लाइट आली. बोर्डाला नेटवर्क मिळालं नाही. आधीचा हुकूम ‘चालू’ होता, आणि केबलचं कातडं पाण्यात सोललेलं होतं.

कागद तसाच आहे टेबलावर. मी त्याच्यावर वही ठेवली.

गुरुवार, १७ एप्रिल

आज खरे दहा मोजले. नाही आला. परत दहा. नाही आला. सातदा.

म्हणजे चौदाही बोर्ड मोडकेच गेले आहेत. दोष एकेचाळिसाव्यात नव्हताच. माझ्या दोनमध्ये होता.

सांगायला पाहिजे. पण ही कालची पोरगी मला काय म्हणेल. जयराज गावभर सांगतील, सैन्यातल्या सिग्नलवाल्याला दहापर्यंत मोजता येत नाही. शनिवारी सांगतो. नीट शब्द जुळवून.

वहीखालून कागद बाहेर आला आहे. मी काढला नव्हता.

शनिवार, १९ एप्रिल

सकाळपासून शेडमध्ये कुणी नाही. क्रांती आणि जयराज सांगलीला बोर्ड बसवायला गेलेत. फोन लागत नाही —

अकरा वाजता राजेश्वरीचा फोन. सहज केलेला. म्हणाली, हे विहिरीत उतरल्यात गाळ काढाय. शेतीची लाइट बाराला येते, तवर व्हतंय. मी विचारलं, मोटार बंद केली का. म्हणाली, काल बोर्डाच्या बटनानं लावलेली, चालू असतानाच लाइट गेली, मग कुणी हातच लावला न्हाई. तुमी बोर्ड दिलाय की आबा, तो बघंल.

मी ओरडलो, धाव, आपली केबल जुनी, सोललेली आहे, फ्यूज काढ, त्याला वर घे. ती विचारत बसली, का. का म्हणून. शेवटी सांगितलं. मी दोनच मोजले म्हणून.

पळती आहे. फोन हातात आहे तिच्या. धाप ऐकू येते, बांगड्या ऐकू येतात. पाऊणच वाट झाली असेल —

शेजारच्या धनाजीची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. बारा वाजायचेत अजून. लाइट लवकर —

इथं तार माझ्या हातात आहे. धरून ठेवली आहे. पडद्यावर टिंब.

एक. दोन. मी थांबलो. ते थांबलं नाही.

तीन. चार. राजेश्वरी हाक मारते आहे, शिवतेजला —

पाच. सहा.

सात. मी मोजतो आहे रे धुळा, नीट मोजतो —

आठ. हाकेला ओ आली, आतून, खालून —

नऊ