सोसेल तेवढे

लोणावळा

तीर्थरूप कस्तुरामावशी,

सकाळी मोरीत भोवळ येऊन पडलेली तुझी सून कोमल शुद्धीवर आली. बाळाचे ठोके ठीक आहेत.

गरोदरपणी कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत ती उष्णता बाळालाही बाधू शकते. हे सारे मी तुझ्या लेकाला, कान्ह्याला, आणि कोमलला तुझ्या ओट्यावर किती उत्साहाने समजावले होते! शेवटी सोपे करून म्हटले, "अंगाला सोसेल तेवढेच गरम घ्या."

तू रोज बंबातले पाणी ओतून दाराबाहेरून विचारायचीस, "सोसतंय का गं?"

"व्हय, आत्याबाई."

आज दवाखान्यात मी कोमलला विचारले, "भाजत होते, तर बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडेच नवलाने पाहू लागली. "वन्सं, तुमीच म्हनला व्हता, सोसंल तेवढं. मी लय सोसलं की!"

माझ्या लेखी 'सोसेल' म्हणजे सुखाने झेपेल इतके. सासरी आलेल्या मुलीने त्याचा अर्थ घेतला, तक्रार न करता सहन करता येईल तितके.

हे पत्र तुला बोल लावल्यासारखे वाटेल, म्हणून टाकणार नाही. उद्या स्वतःच येते. पाणी कोमट आहे का, ते आपण कोपर बुडवून पाहू. आणि तुझ्यासमोर कोमलला एकच शब्द मोठ्याने म्हणायला लावीन : "भाजतंय."

तुझी भाची,
सुलभा