चौथी जर्मनीण

३ फेब्रुवारी, सोमवार

गेली एकदाची इज्जत! माधव वकिलांची नवी गाडी दिवसभर केडगावच्या माझ्या गॅरेजात उभी आणि मी तिच्याभोवती नुसत्या प्रदक्षिणा घालतोय. रस्ता मोकळा असताना आपोआप कचकन ब्रेक लागला म्हणे. पडद्यावर लाल अक्षरं — पुढचं दिसत नाही. अगं बाई, तुला दिसत नाही तर मला काय दिसणार!

वकिलांची ही चौथी जर्मनीण. त्यांच्या सगळ्या गाड्यांना मी जर्मनीणच म्हणतो. वीस वर्षं झाली, आधीच्या तिन्ही माझ्याच हाताखालून गेल्या. "सावकाश बघ, आसाराम. शनिवारी येतो," एवढंच म्हणाले. पण शनिवारी नाही जमलं तर गाडी पुण्याला कंपनीच्या शोरूममध्ये जाणार, ती कायमचीच. मग 'जर्मन गाड्यांचे स्पेशालिस्ट' ही पाटी कुणासाठी ठेवू?

४ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. सारखी पहिली आठवते. बुटकी, चार गोल दिवे, सहा सिलिंडर एका रांगेत. स्टिअरिंग जड, पण कामरगावच्या घाटातला खडा न् खडा हाताला कळायचा. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचो मी!

दुसरी अंगानं भरली. किल्ली फिरवायची नाही, बटण दाबायचं. डिझेल प्यायची, पण ऐकायची माझं. तिसरीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक, एका बोटानं फिरणारं, गुळमुळीत. चारच सिलिंडर आणि टर्बो — तरी पळायची पहिलीपेक्षा जोरात. कबूल करायला लई जिवावर येतं.

आणि ही चौथी. बॉनेट उघडलं की नुसतं काळं प्लास्टिक. हात घालायला जागा नाही. आत दोन पडदे, सिनेमा बघावा एवढे.

६ फेब्रुवारी

स्कॅनर लावला. वायरी ठीक, बॅटरी ठीक. काच चारदा पुसली. काही नाही. सविता म्हणाली जेवून तर घ्या, तर तिच्यावरच खेकसलो. बायकोची काय चूक?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटी अश्विनीला फोन केला. माझी लेक, चाकणला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. पाच दिवस टाळत होतो. बापानं लेकीला विचारायचं म्हणजे! ती म्हणाली, गाडीच्या तोंडाचा फोटो पाठवा. पाठवला, तर हसायलाच लागली. "आप्पा, खाली बंपरच्या मधोमध काळी चौकोनी पट्टी आहे ना, तिथून ती पुढचं बघते. तुम्ही तिच्या डोळ्यासमोर लिंबू-मिरची टांगलीय!"

मीच टांगलेली. माझ्या गॅरेजातून गाडी निघाली की तिला माझ्या हातची लिंबू-मिरची, ही आमची रीत. वकील नवी गाडी दाखवायला आले तेव्हा हौसेनं बांधली. आधीच्या तिघींना वरच्या जाळीला बांधायचो. हिची जाळी बंद, म्हणून खाली. हात दाखवून अवलक्षण! काढली आणि कामरगावपर्यंत पळवून आणली. पडद्यावर एक अक्षर नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळभर घालमेल. 'सेन्सर सेट केला' म्हटलं असतं तर खपलं असतं. कोण बघायला बसलंय! पण ब्रेक लागला तेव्हा मागून ट्रक असता तर? या माणसाला वीस वर्षांत थाप मारली नाही, आता काय मारायची.

सांगितलं सगळं. हात जोडले. पाटी उतरवतो म्हणालो, आणि खरंच म्हणालो. वकील म्हणाले, चहा सांग. दोन तास बसले! पहिलीचा आवाज कसा होता, तिसरीत काय हरवलं, तेच बोलत होते. पुण्याचं नाव काढलं नाही. पाटी राहू दे म्हणाले.

सुटलो म्हणावं, तर काहीतरी खटकतंय. कोर्टात साक्षीदाराला घाम फोडणारा माणूस, मला एक प्रश्न विचारला नाही.

११ फेब्रुवारी

बाजारात वकिलांच्या नीलांबरीवहिनी भेटल्या. मी परत माफी मागायला लागलो. त्या म्हणाल्या, "अहो, ब्रेक लागला तेव्हाच त्यांना कळलं होतं. लिंबू-मिरची काढून गाडी आठवडाभर चालवली. तुमच्याकडे निघालो, तर तुमच्या गॅरेजच्या अलीकडच्या वळणावर थांबून परत बांधली. म्हणाले, ही बिघडतच नाही गं, आता आसारामकडे जायचं तरी काय म्हणून?"

भाजी न घेताच घरी आलो.